कंट्रोलची डिश

सूक्ष्मदर्शकात डोकावले आणि मी ओरडलेच. डिशमध्ये उल्वाची पाती दिसायला हवी होती, होते नुसते गोळे. ना पातं, ना खडकाला धरून ठेवणारे तंतू. पेशींच्या भिंतींवर पारदर्शक फोड आलेले. क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने आम्ही एक जनुक निकामी करायला निघालो होतो आणि त्याने आकार बिघडेल असा माझा अंदाज होता. म्हटलं, लागला म्यूटंट हाताला!

उल्वा म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या खडकांवरचं हिरवंगार, पाय घसरवणारं शेवाळ. जर्मनीत, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत मी ते पगार घेऊन वाढवते, याचं आईला अजून हसू येतं. कामही तसं घरगुतीच. भाजीच्या चॉपरमध्ये पाती बारीक करायची, तीनदा धुवायची. युग्मकं, म्हणजे प्रजननाच्या पेशी, तयार होऊ न देणारी द्रव्यं शेवाळ स्वतःच सोडत असतं. ती धुतली की पेशींना रान मोकळं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी बदललं की थोड्याच वेळात लाखो युग्मकं सुटतात आणि दोन-दोन शेपट्या हलवत उजेडाकडे धावतात. खिडकीकडच्या कडेला हिरवी रेघ उमटते. हे मी कितीही वेळा बघू शकते. ती रेघ पिपेटने उचलायची आणि क्रिस्परचं मिश्रण व ते पेशीत शिरायला मदत करणारं पीईजी हे रसायन घालायचं. युग्मकांना पेशीभित्तिका नसते, म्हणून माल आत शिरतो. जोडीदाराशिवायही ती रुजतात, आणि जनुकाची एकच प्रत असल्याने बदल लगेच दिसतो.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, "कंट्रोलची डिश बघितलीस?"

क्रिस्पर न घातलेली ती तुलनेची डिश मी नव्हती बघितली. बघितली, तर तिथेही तेच गोळे.

मग ट्यूब पेटली. उजेडाकडे पळवून उचललेली युग्मकं जीवाणूंपासून सुटी होतात, आणि उल्वाला तर जीवाणूंशिवाय आकारच येत नाही. रोझिओव्हॅरियस हा जीवाणू पेशींचं विभाजन चालू ठेवतो. मॅरिबॅक्टर या दुसऱ्या जीवाणूच्या थॅलुसिन या द्रव्यामुळे तंतू फुटतात, भिंती नीट बनतात. दोन्ही परत घालायचे असतात. मी विसरले होते. नळ्या फ्रीजमध्ये तशाच, झाकणावर माझ्याच अक्षरात तारीख. प्रकल्पाच्या अर्जात जनुकांबद्दल पानंच्या पानं लिहिली होती. या दोघांच्या वाट्याला एक ओळ.

तरी वेडी आशा होती. दुपारी सिक्वेन्सिंगचा, म्हणजे जनुकाची अक्षरं वाचण्याचा, निकाल आला. जनुक जसंच्या तसं, एक अक्षरही हललेलं नाही.

मी चॉपर धुवायला घेतला.