वर्कशॉपचे सर

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. स्नेहसंमेलनं, सहली, मैदान. पण त्यावर बाकीचे लिहितीलच. मला आपल्या वर्कशॉपच्या सरांबद्दलच लिहायचं आहे.

1978 साली मी आठवीत टेक्निकल घेतलं. हातात करवत, रंधा मिळेल म्हणून आम्ही हुरळून गेलो होतो. सरांनी सुरुवातीला लाकडाला हातच लावू दिला नाही. धारेच्या दगडावर तेलाचे थेंब टाकायचे आणि पटाशी, म्हणजे लाकूड कोरायची सपाट छिन्नी, घासत बसायचं. कोन जरा बदलला तरी मागे उभ्या असलेल्या सरांना नुसत्या आवाजावरून कळायचं. "बोथट हत्यारच हात कापतं रे, धारदार नाही," असं ते म्हणत. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोराच्या भरातच ती निसटते, हे पुढे कामावर रोज पटत गेलं.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगतो. त्या पावसाळ्यात प्रयोगशाळेचं सागवानी दार फुगून बसलं. उघडायला दोघांनी खांदा लावावा लागे. सगळ्यांचं एकच म्हणणं, सुतारकाम शिकवता ना, मग मारा रंधा. सर हटले नाहीत. आम्हाला दारापाशी उभं करून त्यांनी समजावलं, की लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळी हवेतला ओलावा पिऊन ते फुगतं, हवा कोरडी झाली की आक्रसतं. मग दाराच्या मधल्या फळ्या दाखवल्या. त्या चौकटीच्या खाचेत सैल बसवलेल्या होत्या, सरस न लावता. चिकटवल्या असत्या तर फळी तरी तडकली असती नाहीतर चौकट तरी. "आत्ता तासलं तर उन्हाळ्यात फटीतून बोट जाईल. दिवाळीपर्यंत थांबा." नाराजी पत्करून ते थांबले. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा दार एका हातानं लागत होतं. सरांनी त्याचा उच्चारही केला नाही. नेहमीप्रमाणे हजेरी घेतली आणि कुसू, म्हणजे सांध्यात दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारं टोक, कापायला बसवलं. कुसू भोकात हातानं दाबून बसलं पाहिजे, हातोडी लागली तर काम परत, हा त्यांचा नियम होता.

आज कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं पॅटर्नचं वर्कशॉप आहे. फाउंड्रीत ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने आम्ही बनवतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर आक्रसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. हे गणित शिकताना मला अजिबात जड गेलं नाही. माल बसल्या जागी आपलं माप बदलतो, हे सरांनी आधीच मनात पक्कं करून ठेवलं होतं. आता संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आहेत. तरीही नवा मुलगा कामाला आला की मी त्याला आधी पटाशीला धार लावायला देतो.

गेल्या वर्षी शाळेत आलो तेव्हा आपल्या वर्कशॉपच्या जागी संगणक कक्ष दिसला. संगणक हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमची सुतारकामाची टेबलं गच्चीवर उन्हापावसात पडलेली पाहून पोटात कालवलं. कार्यानुभवाचे गुण आता पुठ्ठा आणि चमकीवर मिळतात म्हणे. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना 10 दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे काम शिकायला पाठवायची कल्पना आहे. कल्पना चांगलीच आहे, पण 10 दिवसांत तर पटाशीची धारसुद्धा नीट जमत नाही. आम्हाला सरांची तीन वर्षं मिळाली.

सर आज हवे होते. मुख्याध्यापकांना मी कळवलं आहे की ती टेबलं माझ्याकडे पाठवा, सांधे पक्के करून, लाकूड घट्ट धरायचे नवे शिकंजे बसवून परत करतो. हत्यारांचा खर्च माझा. शाळेनं फक्त एक खोली आणि शनिवारचे दोन तास द्यावेत, शिकवायला मी स्वतः येईन. आपल्या टेक्निकलच्या तुकडीतलं आणखी कुणी येणार असेल तर जरूर कळवावं.