बाई, हातचा म्हणजे कोणाच्या हातचा?

यंदा माझ्याकडे दुसरीचा वर्ग आलाय. पहिल्याच आठवड्यात आकड्यांचं श्रुतलेखन घेतलं, पस्तीस म्हटलं आणि बऱ्याच जणांनी ५३ लिहिलं. आधी वैतागले, मग स्वतःच मोठ्याने म्हणून बघितलं, प-स्तीस. पाच आधी ऐकू येतात आणि तीस नंतर, पोरगं ऐकेल तसं डावीकडून लिहीत सुटतं, आता यात त्याची चूक काय काढणार!

२०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला वीस एक, वीस दोन आलं तेव्हाचा गोंधळ आठवतोय ना, व्हॉट्सअॅपवर जोक, विधानसभेत टोमणे. मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या, त्या बिचाऱ्या सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही दिलीयेत, जोडाक्षरं लहान पोरांना जड जातात. खरं सांगते, तेव्हा मीपण ते जोक फॉरवर्ड केले होते. आता वर्गात रोज दोन्ही म्हणून घेते, तीस पाच पस्तीस, पन्नास तीन त्रेपन्न, असं तालात, पाढ्यासारखं.

दुसरी भानगड वजाबाकीची. ४२ वजा १८, उत्तर ३६. का? तर दोनातून आठ जात नाहीत, मग आठातून दोन काढले, त्यात काय एवढं. यावर फळ्यावर कितीही खडू झिजवला तरी उपयोग होत नाही हे मला बऱ्याच वर्षांनी कळलंय. आता खराट्याच्या काड्या आणि रबरबँड, बास. दहा मोजायच्या, रबर लावायचं, झाला दशक. गठ्ठे मी आयते बांधून देत नाही, वेळ जातो, काड्या उडतात, शेजारच्या वर्गातले सर दारातून डोकावून जातात, पण बांधायचं पोरांनीच. शाळेच्या पेटीत प्लॅस्टिकचे दशक दांडे आहेत की, दिसायला छान आहेत, पण ते सुटत नाहीत ना! दांडा देऊन त्याबदल्यात दहा सुटे घे म्हटलं की पोरं घेतात, बाई म्हणतायत म्हणून. गठ्ठ्याचं तसं नाही, स्वतः बांधलेलं रबर स्वतः काढलं की आतून दहाच निघणार हे त्यांना आधीच माहीत असतं. चार गठ्ठे, दोन सुट्या, एक गठ्ठा सोडला की सुट्या झाल्या बारा, त्यातल्या आठ काढल्या, चार राहिल्या, उरलेल्या तीन गठ्ठ्यांतला एक बाजूला, चोवीस.

हे सगळं झाल्यावर मी सवयीने बोलून गेले, बघा, हा हातचा घेतला. तर पुढच्या बाकावरची एक मुलगी शांतपणे विचारते, बाई, कोणाच्या हातचा? आता काय सांगणार कप्पाळ. तेव्हापासून आमच्या वर्गात "गठ्ठा सोडला" असंच म्हणतात, हातचा शब्द नंतर शिकवला.

पालकांचं एकच, वहीत काहीच कसं नाही? म्हटलं, दोन आठवडे थांबा, वही कुठे पळून जात नाहीये. एका आजोबांना तर मी पावकी-दिडकी, म्हणजे पाव आणि दीडचे जुने पाढे, घेत नाही याचंच जास्त वाईट वाटलं, त्यांना अजून तोंडपाठ आहे, मला म्हणून पण दाखवली.

परवाची गंमत. एकोण म्हणजे एक कमी हे पोरांनी स्वतःच शोधलं, एकोणीस म्हणजे विसाला एक कमी, एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, मी नुसती विचारत गेले, पार एकोणनव्वदपर्यंत गाडी सुसाट. मग विचारलं, शंभरला एक कमी? सगळा वर्ग एका सुरात, एकोणशंभर!

आता याला चूक कसं म्हणायचं. नव्व्याण्णव फळ्यावर लिहिलं, शेजारी एकोणशंभर पण लिहिलं, अजून पुसलेलं नाहीये.