क्योतोची गिओन मात्सुरी, १६ जुलैची संध्याकाळ आणि शौचालयाची शोधाशोध

आधी हेच सांगते, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. १५ किंवा १६ जुलैला संध्याकाळी लहान मुलाला घेऊन क्योतोतल्या शिजो-कारासुमा भागात जाणार असाल, तर रथ कुठे उभे आहेत हे बघण्याआधी शौचालय कुठे आहे ते बघून ठेवा.

आम्ही ओसाकाला राहतो. नाशिकहून सासूबाई आल्या होत्या आणि त्यांना गिओन मात्सुरी दाखवायचीच असं मी मनाशी धरलं होतं. क्योतोत साथ पसरली म्हणून ८६९ साली देवाला साकडं घातलं गेलं, त्यातून हा यासाका देवस्थानाचा उत्सव सुरू झाला. तो जुलैभर चालतो. १७ तारखेला २३ रथांची मिरवणूक निघते आणि त्याआधीच्या तीन संध्याकाळी हे रथ कंदील लावून रस्त्यात उभे असतात. १५ आणि १६ला संध्याकाळी सहापासून मोठे रस्ते गाड्यांना बंद होतात, खाण्याचे स्टॉल लागतात आणि सगळं शहर तिथे उतरतं.

ओसाकातल्या उमेदाहून ट्रेनने पाऊण तासात पोचलो, तिथपर्यंत सगळं छान. रथ बघून सासूबाई थक्क झाल्या. मोठे रथ कळसापर्यंत २५ मीटरच्या आसपास उंच, आणि त्यांचा सांगाडा खिळा न मारता नुसत्या दोरांनी बांधलेला! त्सुकी-होको नावाच्या रथाच्या ठेव्यात सतराव्या शतकातला मुघल गालिचा आहे, हे मी सांगितल्यावर तर त्या तिथून हलेनात.

मुलाला मात्र तोरोयामा बघायचा होता. त्या रथावर लाकडी मॅन्टिस (पुढचे पाय जोडून बसणारा कीटक) असतो, दोऱ्या ओढल्या की पंख आणि पुढचे पाय हलवणारा. तिथे यांत्रिक मॅन्टिसकडून भविष्याची चिठ्ठीही मिळते, त्यामुळे पोरांची ही मोठी रांग. आम्ही रांगेत पुढे सरकत होतो आणि हा म्हणाला, "आई, शू."

समोरच्या दुकानाच्या दारावर कागद होता: आज शौचालय वापरता येणार नाही. पुढच्या दुकानावर तोच कागद. त्याच्या पुढच्यावरही. नवऱ्याने नकाशात तात्पुरती शौचालयं शोधली. ती आम्ही आलो त्याच दिशेला, हाकेच्या अंतरावर होती. पण गल्ली एकतर्फी केलेली. सुरक्षारक्षकाने नम्रपणे हात आडवा धरला, म्हणाला, माफ करा, पुढून वळसा घालून या. मुलाकडे बोट दाखवलं, तरी तेच. गर्दी आवरण्यासाठी नियम हवेत हे मला पूर्ण मान्य आहे. पण पाच वर्षांचं मूल पाय आवळून उभं असताना त्याला चार पावलं मागे जाऊ देता येत नाही, याचा राग मला आजही येतो. एकतर्फी गल्ली आखणाऱ्यांनी प्रत्येक गल्लीच्या बाहेर पडण्याच्या तोंडाशी शौचालय ठेवायलाच हवं.

वळसा म्हणजे मुंगीच्या पावलांनी अख्खा चौक. घामाने कपडे अंगाला चिकटलेले, सासूबाईंचा गुडघा बोलायला लागलेला, मूल नवऱ्याच्या कडेवर रडवेलं. अखेर पोचलो तर बायकांची रांग पार कोपऱ्यापर्यंत. मी जपानीत विनंतीचं वाक्य जुळवत होते, तोवर सासूबाई नातवाचा हात धरून थेट पुढे गेल्या, हात जोडले आणि त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली. जपानीचा एक शब्द येत नाही त्यांना! युकाता (उन्हाळी किमोनो) घातलेल्या दोन मुली लगेच बाजूला झाल्या, मागच्या बायकांनीही "दोझो, दोझो" (जा, जा पुढे) म्हणत वाट दिली. मला इतका अभिमान वाटला त्यांचा.

टिश्यू जवळ ठेवा, आत कागद असेलच असं नाही. बाबागाडी नकोच, त्या गर्दीत ती ढकलता येत नाही. शिजो रस्त्यावरच्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये स्वच्छ शौचालय असतं; दुकान बंद होण्याआधी सगळ्यांनी तिथे जाऊन यावं, लागलेली नसली तरी. रथांपाशी विकतात ती चिमाकी म्हणजे बांबूच्या पानांची ताईतासारखी वस्तू, घराच्या दारावर लावायची. त्याच नावाचा खायचा पदार्थही असतो, म्हणून ही खायची नाही हे मुलांना आधीच सांगून ठेवा. सासूबाईंनी एक नाशिकच्या दारासाठी घेतली. कुठे कुठे ती घेतली की रथावरही चढू देतात, पण सगळ्यात पुढच्या नागिनाता-होकोवर बायकांना प्रवेश नाही.

आणि १६च कशाला? १४ला कंदील तेच असतात, पण रस्ते बंद नाहीत, स्टॉल नाहीत आणि गर्दी बरीच कमी. त्याहून बरं म्हणजे २१ ते २३ जुलै. २४च्या दुसऱ्या मिरवणुकीचे ११ रथ तेव्हा उभे असतात. त्यात १८६४च्या आगीत जळालेला आणि २०१४ला पुन्हा मिरवणुकीत आलेला नावेच्या आकाराचा ओफुने-होको आहे, तो मुलांना नक्की आवडेल. म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर मी आता तेव्हाच जाणार. फक्त तिथे रस्त्यावर स्टॉल नसतात, तेव्हा खाणं आधीच उरकून घ्या.