पिंपळाची पालवी

“पंधरा दिसांमागं हे झाड उघडं पडलं हुतं, तवा का न्हाई काढलास फोटू?” सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठी पिंपळाची पालवी टिपत असताना, शेजारी मोगऱ्याचे गजरे ओवत बसलेल्या आजींनी विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

ती पालवी खरोखर पाहण्यासारखी होती. कोवळ्या पानांतील तांबूस रंगद्रव्य त्यांना कडक उन्हापासून सांभाळते, हे मी वाचले होते. परंतु सकाळच्या तिरप्या उन्हाकडे तोंड करून कॅमेरा धरला, तेव्हा ते पान तांब्याच्या पातळ पत्र्यासारखे उजळले आणि त्याची शीर न् शीर दिसू लागली.

मी या वाटेने रोज चालतो. भुईकोट किल्ल्याच्या तटाचे कितीतरी फोटो माझ्याकडे आहेत, पण पानगळीतल्या या पिंपळाचा मुद्दाम काढलेला एकही नाही. आजींनी मात्र सावली गेली तेव्हा आपली टोपली भिंतीकडे सरकवली होती आणि पालवी दाटताच परत आणली होती.

घरी येऊन जुने फोटो चाळले. एकाच्या कोपऱ्यात त्याची निष्पर्ण फांदी सापडली, तीही पुसट. तुमच्या वाटेवरच्या झाडाला यंदा पालवी कधी फुटली, हे तुम्हाला आठवते का?