नळीच्या आधी काय आहे?

एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षी माझा प्रोजेक्ट होता अचानक रुंद होणाऱ्या नळीचा. 10 मिमी व्यासाची नळी एका जागी एकदम 20 मिमीची होते, तिथे पाण्याचं काय होतं ते ओपनफोम या प्रवाहाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघायचं. सरांनी मात्र आधी साधी सरळ नळी करायला लावली. म्हणाले, “जिचं उत्तर कागदावर निघतं ती आधी कर. चुकलीस तर कळेल तरी.”

पाण्याचा सरासरी वेग सेकंदाला 5 सेंमी, म्हणजे रेनॉल्ड्स संख्या (चिकटपणाच्या तुलनेत जडत्वाचा जोर किती ते सांगणारी) 500. प्रवाह निखालस लॅमिनार, म्हणजे थराथराने शांत वाहणारा. हेगन-पॉइझीच्या सूत्राने अर्ध्या मीटर लांबीत दाब 8 पास्कलने उतरायला हवा. गणित पाच ओळींचं होतं. ओपनफोमची तोंडओळख मला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधून झाली होती, त्यामुळे हे दोन दिवसांत उरकेल असं धरून चालले होते. तीन आठवडे लागले, आणि ते जवळजवळ सगळे सीमाअटींवर गेले, म्हणजे नळीच्या टोकांना आणि भिंतीवर वेग-दाब काय धरायचा ते ठरवण्यात.

पहिली चूक उत्तर माहीत असल्यामुळे झाली. इनलेटला वेग दिला, आउटलेटला दाब शून्य दिला, आणि 8 पास्कल यायचेच आहेत तर इनलेटला दाबही 8 देऊन टाकला. रेसिड्युअल, म्हणजे समीकरणांत उरलेली चूक, खाली येईना. किती पाणी ढकलायचं हे एकदा सांगितलं की त्याला किती दाब लागेल हे गणिताने शोधायचं असतं. दोन्ही आपणच सांगितलं तर शोधायला काही उरत नाही आणि दोन विधानं आपसात भांडतात. म्हणून इनलेटला वेग फिक्स्डव्हॅल्यू (आपण ठरवलेला आकडा) आणि दाब झीरोग्रेडियंट (आकडा न देता आतल्या गणितावर सोडलेला), आउटलेटला बरोबर उलट. भिंतीवर वेग शून्य, दाब झीरोग्रेडियंट. शिवाय सिंपलफोम या ओपनफोममधल्या सॉल्व्हरमधला दाब घनतेने भागलेला असतो. दाबाच्या पी फाइलमधल्या एककांच्या ओळीत ते लिहिलेलं असतं, मी ती ओळ वाचलीच नव्हती. माझे 8 म्हणजे तिथे 8000 पास्कल होते.

मेश, म्हणजे गणितासाठी नळीचे पाडलेले बारीक तुकडे किंवा पेशी, जीमेश या सॉफ्टवेअरमध्ये केली होती. नळीची पूर्ण गोलाई न घेता पाचरीसारखी बारीक फोड घेतली होती. ओपनफोममध्ये आयात करताना सगळ्या बाजू नुसत्या ‘पॅच’ म्हणजे साध्या सीमा म्हणून येतात; पाचरीच्या दोन बाजू बाउंडरी फाइलमध्ये हाताने ‘वेज’ म्हणजे पाचरीच्या बाजू कराव्या लागतात. हे निस्तरायला एक संध्याकाळ पुरली.

मग गणित छान स्थिरावलं आणि उत्तर आलं 9.6 पास्कल.

चार दिवस मी मेश बारीक करत बसले. भिंतीजवळ थर वाढवले, लांबीत पेशी दुप्पट केल्या. आकडा तसूभर हलला नाही. शेवटी सरांकडे गेले. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, “नळीच्या आधी काय आहे?”

“काही नाही सर. तिथे मेश सुरू होते.”

“मेश तिथे सुरू होते. पाणी कुठून येतं?”

इनलेटला मी सगळीकडे सारखा वेग दिला होता. ते एक ठाम विधान होतं: पाणी मोठ्या टाकीतून नुकतंच नळीत शिरतंय, भिंतीचा स्पर्श त्याला अजून झालेला नाही. मग भिंतीलगतचं पाणी मंदावतं, मधलं वेग घेतं, आणि अक्षावर 5 चे 10 सेंमी होईपर्यंत त्या वाढत्या गतिज ऊर्जेसाठी जादा दाब खर्ची पडतो. ही लांबी लॅमिनार प्रवाहात साधारण 0.06 गुणिले रेनॉल्ड्स संख्या गुणिले व्यास, म्हणजे इथे 300 मिमी. माझ्या अर्ध्या मीटरपैकी निम्म्याहून जास्त नळी प्रवाह घडण्यातच जात होती. गणित चुकलं नव्हतं. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर 9.6 हेच होतं.

सर मला खाली प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिथल्या मांडणीत टाकी आणि दाब मोजायचं पहिलं छिद्र यांच्यामध्ये 400 मिमी सरळ नळी सोडली होती. ती नळी मी वर्षभर पाहत होते. ती तिथे का आहे हे त्या दिवशी कळलं. वर येऊन इनलेटला परवलयाकार वेग दिला: अक्षावर सरासरीच्या दुप्पट, भिंतीवर शून्य. आलं 8.03.

रुंद नळीला हात घातला तेव्हा हाच प्रश्न दुसऱ्या टोकाला उभा राहिला. पायरीनंतर, म्हणजे नळी एकदम रुंद होते त्या जागेनंतर, 100 मिमीवर मी आउटलेट ठेवलं होतं आणि गणित वारंवार फुटत होतं. पायरीमागे पाणी उलटं फिरतं, आणि ते भोवरं आउटलेटच्याही पलीकडे पोचत होतं, म्हणजे आउटलेटमधून पाणी आत येऊ पाहत होतं. ते कसलं पाणी, हे मी सांगितलेलंच नव्हतं. वेगासाठी इनलेटआउटलेट ही अट लावली, परत येणाऱ्या पाण्याला शून्य वेग ठरवला, आणि गणित चालू लागलं. पण चाललं म्हणून ते खरं मानायला मन तयार होईना. भोवरं कापलेलंच होतं, आता फक्त तक्रार बंद झाली होती. आउटलेट 600 मिमीवर नेलं. भोवरं 220 मिमीच्या आसपास आपणहून मिटलं आणि आउटलेटवरचा उलटा प्रवाह नाहीसा झाला. नळी आणखी 200 मिमी वाढवून पाहिली, भोवऱ्याची लांबी तीच राहिली.

प्रबंधातली पहिली आकृती मी मेशची दिली नाही. टाकी, 400 मिमी नळी, पायरी, पुढची लांब नळी, सगळी मांडणी काढली, आणि मी ती कुठे कापली तिथे दोन तुटक रेषा. प्रत्येक रेषेशेजारी, तिच्या पलीकडे मी काय गृहीत धरलंय, ते एका वाक्यात लिहिलं.