अनशापोटी वजन

मार्गशीर्ष सरला की मटणाच्या दुकानांपुढे पुन्हा रांगा लागतात आणि त्याच आठवड्यात हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, मेंढपाळांच्या वाड्यांवर, त्यांच्या रानातल्या तळांवर, फिरू लागतात. पारनेर तालुक्यातून माळशेज उतरून आलेला एक छोटा वाडा शीळफाट्याच्या पुढे, दहिसर मोरीच्या बाजूला, भात काढलेल्या खाचरांत बसला होता. ३८ डोकी. खाचरांच्या चहूबाजूंनी भराव आणि गोदामं, चराई दरवर्षी आक्रसत चाललेली. त्यामुळे १२ मेंढरं कमी करायची असं वाड्याच्या आबांनी ठरवलं होतं. हेड्याने आदल्या संध्याकाळी कळपावर नजर फिरवून उक्ता, म्हणजे न तोलता सरसकट, भाव सांगितला होता: नगावर ६,५००, बाराचे ७८,००० रोख. मी लस टोचायला गेलो होतो. आक्कांनी विचारलं, “डाक्टर, भाव बरा हाय का?” उत्तर द्यायचं तर आधी वजन हवं होतं.

म्हणून त्या रात्री बारा मेंढरं वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून वेगळी कोंडली. चारा बंद, पाणी चालू. चरून आलेल्या मेंढीच्या पोटात तीन-चार किलो चारापाणी सहज असतं, आणि ते कोणी विकत घेत नाही. काही जण उलट करतात, मीठ चाटवून पाणी पाजतात. घेणाऱ्याला ते ठाऊक असतं, म्हणून तो डोळ्यांनीच दोन-तीन किलो कमी धरतो, आणि जो खरं सांगतोय त्याचेही तेवढेच कापतो. सकाळी अनशापोटी, चरायला सोडण्याआधी घेतलेलं वजन सांगितलं की हा वाद मिटतो. अशा वजनाला किलोचा दर थोडा जास्त मागता येतो आणि मागावाच.

काटा टांगणारा, १०० किलोचा, आंब्याच्या फांदीला लावला. खाली पोत्याची झोळी. मेंढीचे चारही पाय बाहेर निघतील अशी चार भोकं पाडलेली. झोळी अडकवल्यावर काटा शून्यावर आणायचा, नाहीतर प्रत्येक वजनात पोतं मोजलं जातं. पकडताना एक हात जबड्याखाली, दुसरा मांडीजवळ. लोकर धरून मेंढी कधीही उचलायची नाही. कातडीखाली रक्त साकळतं, तिथलं मटण काळंनिळं दिसतं आणि खाटीक तो तुकडा फेकून देतो.

सातच्या सुमाराला हेडी टेंपो घेऊन आला तेव्हा त्याच्याकडेही स्प्रिंगचा काटा होता. पहिला नर आमच्या काट्यावर २६.४ भरला, त्याच्या काट्यावर २४.५ च्या आसपास. भांडण्यापेक्षा तपासणं सोपं. गोदामाच्या रखवालदाराकडून पाण्याचा २० लिटरचा भरलेला जार आणला. पाणी २० किलो आणि रिकामा जार साधारण पाऊण किलो, म्हणजे पावणेएकवीसच्या जवळ आकडा यायला हवा. आमचा काटा २०.७ बोलला, त्याचा १९.२. यात लबाडीच असते असं नाही. गंजून अडकणारी स्प्रिंग कमी दाखवते, ताणून सैल पडलेली जास्त दाखवते. पण शंभर किलोला सात किलोची तूट वर्षभर कोण सोसतं, तर मेंढका. हेड्याने जार स्वतः उचलून पाहिला, पुन्हा टांगला, आणि आपला काटा टेंपोत ठेवून दिला. पुढची सगळी वजनं एकाच काट्यावर, दोघांच्या डोळ्यांसमोर झाली.

काटा नसेल तर शिंप्याची टेप चालते. पुढच्या पायांमागे छातीचा घेर इंचांत घ्यायचा, लोकर बाजूला सारून. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. २८ इंच घेर आणि २६ इंच लांबी असेल तर ३१ किलोच्या जवळ येतं. दोनेक किलो इकडेतिकडे होतात, पण नजरेच्या अंदाजापेक्षा ते बरं.

खरा फरक मात्र वजनाने पडला नाही, निवडीने पडला. उक्त्या भावात चांगलं-वाईट एका नगाच्या दराने जातं, आणि सगळ्यात चांगल्या जनावराचा पैसा तिथेच बुडतो. म्हणून प्रत्येकाचे दात पाहिले. दुधाचे दात म्हणजे वर्षा-सव्वा वर्षाच्या आतलं, दोन दाती दीडेक वर्षाचं, चार दाती दोनेक वर्षांचं, जुळलेली म्हणजे साधारण चारच्या पुढे. दात झिजले, तुटले की मेंढी चरते पण भरत नाही. मग कमरेवर हात ठेवायचा. या दिवसांत लोकर वाढलेली असली की हडकुळी मेंढीही गुबगुबीत दिसते. शेवटच्या बरगडीच्या मागे मणक्यांची टोकं बोटांना टोचली तर ती रोड, गोल लागली तर बरी. शेवटी खालची पापणी ओढून आतला रंग. लालसर हवा.

बारापैकी एका म्हातारीची पापणी कागदासारखी पांढरी निघाली आणि जबड्याखाली पाणी उतरलेलं होतं. कोकणातल्या ओल्या खाचरांत हे वारंवार दिसतं. गोगलगायींतून चपट्या कृमी पोटात जातात, काळजात, म्हणजे यकृतात, घर करतात, अंगातलं रक्त उतरतं. तिला बाहेर काढलं. असं जनावर कापायला विकायचं नाही, औषध पाजून तर नाहीच. जंतनाशकाच्या बाटलीवर जितके दिवस थांबायला लिहिलेलं असतं तितके दिवस थांबावंच लागतं. हेडी म्हणाला, चालेल, द्या. आबा नको म्हणाले.

उरलेल्या अकरांत दुधाच्या दाताचे पाच नर होते: २६.४, २८.१, २५.८, २९.० आणि २७.२. बेरीज १३६.५ किलो. दर ठरवायचा तर मटणापासून मागे मोजायचं. त्या आठवड्यात आसपासच्या दुकानांत मटण ८०० रुपये किलो होतं. अशा कोवळ्या नराचा अनशापोटीच्या वजनावर मटणाचा उतारा ४७ टक्क्यांच्या आसपास पडतो, म्हणजे सरासरी २७.३ किलोच्या नरामागे पावणेतेरा-तेरा किलो, साधारण १०,२०० रुपये. मुंडी, पाय, वजडी, कलेजी वेगळी. कातडं आणि लोकर हिशेबात धरायची नाही, डेक्कनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीला आता कोणी विचारत नाही. यातून कापणावळ, दुकानाचा खर्च आणि खाटकाचा नफा वजा केला की जिवंत किलोला ३३० ते ३५० निघत होते. तीच रास्त रक्कम.

पाचही नर कोपरखैरण्याच्या एका माथाडी कुटुंबाने घेतले. मूळचे हवेली तालुक्यातले, घरात जागरण-गोंधळ आणि पाठोपाठ हळद. त्यांना बोल्हाईचंच, म्हणजे मेंढीचंच, मटण लागतं, बोकडाचं चालत नाही. मेंढीला इथे बोकडापेक्षा कमी भाव, अशी तक्रार वाड्यावाड्यांवर ऐकू येते. पण नवी मुंबईत पुणे-नगरकडची इतकी घरं आहेत की मेंढीच हवी असलेलं गिऱ्हाईक शोधलं तर सापडतं, आणि ते घासाघीस फारशी करत नाही. ३५० ने ४७,७७५ झाले.

दोन दाती दोन मेंढ्या धष्टपुष्ट होत्या. त्या काट्यावर चढवल्याच नाहीत, कारण पैदाशीचं जनावर किलोवर विकणं म्हणजे नुकसान. त्या कळपातल्याच मेंढ्याच्या लेकी होत्या, तिथे ठेवल्या असत्या तर बापाकडूनच फळल्या असत्या आणि कोकरं खुजी, अशक्त निघाली असती. मुरबाडच्या बाजूला बसलेल्या दुसऱ्या वाड्याने त्या ९,५०० ला एक अशा घेतल्या.

तीन म्हाताऱ्या २७.६, २५.२ आणि २८.४, मिळून ८१.२ किलो. यांचा उतारा चाळिशीत, मटण चिवट. २४० चा दर सांगितला, दात उघडून दाखवले, आणि त्याच हेड्याने त्या १९,४८८ ला घेतल्या. त्याला गाडीभाडं, वाटेतली मर, बाजाराची पट्टी, सगळं सोसायचं असतं. त्याने पोट भरू नये असं कोणी म्हणत नाही. दहा जनावरांचे ८६,२६३ झाले, बाराच्या उक्त्या भावापेक्षा ८,२६३ जास्त, आणि दोन वाड्यावरच राहिली.

त्यातली दुसरी म्हणजे भाकड म्हणून काढलेली अकरावी. दोन वेळा फळली नाही, असं आक्का सांगत होत्या, म्हणून ती म्हाताऱ्यांबरोबर जाणार होती. झोळीत घालायला धरली तेव्हा कास हाताला थोडी भरलेली लागली. मग खाली बसून उजव्या कुशीत मूठ हलकेच वर दाबली. डावीकडे पोटाची पिशवी असते, म्हणून उजवीकडेच पाहायचं, आणि अनशापोटीच नीट कळतं. मुठीवर टणक काहीतरी आपटून परत आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. मेंढीचे गाभणपणाचे दिवस १५० च्या आसपास, आणि हा धक्का साडेतीन महिन्यांच्या पुढेच असा स्पष्ट लागतो. उक्त्या भावात ती ६,५०० ला कापायला गेली असती. आक्कांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

नरांसाठी छोटा हत्ती आला. तळाला भाताचा पेंढा टाकला, पाय बांधले नाहीत. नर आणि माद्या एका कप्प्यात घालायच्या नसतात, म्हणून म्हाताऱ्या हेड्याच्या टेंपोत गेल्या. प्रत्येकाच्या कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक पावतीवर एकेक करून लिहिला, वजन आणि दर समोर मांडला, सरकारी डॉक्टरांचा दाखला ड्रायव्हरकडे दिला. पैसे फोनवरून आले. समोरच्याच्या फोनवरचं चित्र पाहून गाडी सोडायची नसते, म्हणून आबांच्या मुलाने बँकेचं खातं उघडून जमा बघितली आणि मगच फळी लावली. शीळफाटा-महापे रस्ता तुंबायच्या आत गाडी निघाली.

भाकड ठरलेल्या मेंढीच्या पाठीवर गेरूचा टिळा ओढला, म्हणजे पुन्हा कोणी तिला झोळीत टांगणार नाही. रोज संध्याकाळी पाव किलो भरडलेला मका, आणि रात्री वाघरीच्या आत वेगळा कोपरा.