गव्हाचे मनोरे

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात इंग्लिस नावाचं छोटं गाव आहे. तिथे रुळांच्या जुन्या वाटेलगत पाच उंच लाकडी इमारती ओळीने उभ्या आहेत. ओळीची सुरुवात १९२२ सालची. हे ग्रेन एलिव्हेटर, म्हणजे धान्य वर उचलून साठवणारी कोठारं. गहू ठेवायला एवढी उंची कशाला, हा माझा पहिला प्रश्न.

उत्तर साधं आहे. गाडी आत आली की काट्यावर वजन व्हायचं, मग सुटा गहू खालच्या खड्ड्यात ओतायचा. तिथून फिरत्या पट्ट्यावरच्या पत्र्याच्या वाट्या तो थेट माथ्यावर नेत आणि तो पन्हळीतून हव्या त्या कणगीत पडे. मालगाडीचा डबा भरायचा तर झडप उघडायची, गहू आपोआप खाली. हमाल नको, पोतं नको. अमेरिकेतल्या बफेलो बंदरात जोसेफ डार्ट नावाच्या व्यापाऱ्याने १८४२ च्या सुमारास वाफेवर चालवलेली ही युक्ती इथे गावोगाव पोचली.

मला खरं अप्रूप भिंतींचं. फळ्या उभ्या नाहीत, आडव्या निजवून एकीवर एक खिळ्यांनी ठोकलेल्या. सुटं धान्य चहूबाजूंनी रेटतं, साधी भिंत कधीच फुटली असती. किती खिळे लागले असतील, याचा हिशेब करायचा मोह आवरला.

दोन एलिव्हेटरमधलं अंतर घोड्यांनी ठरवलं. भरली गाडी नेऊन दिवसात परतता यावं, म्हणून साधारण दर १२-१५ किलोमीटरला एक. १९३० च्या दशकात पश्चिम कॅनडात ते साडेपाच हजारांच्या वर होते. पुढे ट्रक आले, रेल्वेचे फाटे बंद पडले, काँक्रीटची अवाढव्य कोठारं उभी राहिली, आणि लाकडी एलिव्हेटर पटापट पाडले गेले.

भांडणं मात्र आपल्या आडतीवरचीच. वजन एलिव्हेटरचा एजंट करणार, प्रत तोच ठरवणार, काडीकचऱ्याची तूटही तोच धरणार. मापात पाप असल्याचा संशय पाचवीला पुजलेला. शिवाय रेल्वेचे डबे आधी एलिव्हेटरवाल्या कंपन्यांना, शेतकऱ्यांना नंतर. त्यावरून सिंटालुटा गावच्या शेतकऱ्यांनी १९०२ मध्ये रेल्वे स्टेशनच्या एजंटलाच कोर्टात खेचलं आणि जिंकले! १९२३-२४ मध्ये तर शेतकऱ्यांनी स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या, पुढे त्यांचे स्वतःचे एलिव्हेटरही झाले.

धान्याची धूळ पेट घेते, म्हणून पट्टा फिरवणारं इंजिन शेजारच्या वेगळ्या खोलीत असे. एजंटची कचेरीही तिथेच, म्हणजे थंडीत गप्पांचा अड्डाही तिथेच. भाव ठरायचा विनिपेगच्या धान्यबाजारात. तो पडला की शिव्या मात्र या खोलीतल्या माणसाने खायच्या.